दोन आगट्या आणि एक मिशी

हुरड्याची कणसं भाजायला एक आगटी पुरते, पण लिंबाजीच्या घराण्याला दोन लागत. शेतातला आखाडा एकच, विहीर एकच, ज्वारीही एकाच बियाण्याची गूळभेंडी. तरी थोरल्याची आगटी लिंबाखाली आणि धाकट्याची बोरीखाली. मधलं अंतर एवढंच की या झाडाखाली कुणी खाकरलं तर त्या झाडाखाली कळावं. पण कळूनही कळू द्यायचं नाही, असा दोघा भावांचा शिरस्ता होता. लिंबाजीला काही सांगायचं झालं की तो आभाळाकडं बघून म्हणायचा, "सांगा त्याला." मग त्याच्या बायकोनं, गोजरबाईनं, पदर खोचून बोरीखाली जायचं आणि धाकट्या व्यंकटरावानं आधीच ऐकलेलं त्याला पुन्हा ऐकवायचं. तिथून उत्तर घेऊन यायचं, तेही लिंबाजीनं आधीच ऐकलेलं असायचं. सात वर्षं या दोन झाडांमधे चालून आपले गुडघे गेले असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, आणि त्यात फार खोटं नव्हतं.

बखेडा पोळ्याचा. झरी गावात यांच्या घराण्याची जोडी पहिल्यांदा वेशीतून जायची, हा जुना मान. वाटणी झाली तेव्हा बैल धाकट्याच्या वाट्याला गेले आणि मान थोरल्याकडं राहिला. आता बैलावाचून मान आणि मानावाचून बैल घेऊन माणसानं करायचं काय? लिंबाजीनं गोजरबाईच्या माहेराहून जोडी आणली. व्यंकटरावानं आपली सजवली. दोघं एकदमच वेशीत घुसले, चार बैलांची शिंगं एकमेकांत अडकली आणि तोरण तुटून थेट पोलीस पाटलाच्या गळ्यात पडलं. त्या दिवसापासून दोघा भावांचं बोलणं बंद.

यंदा मात्र गोजरबाईचा जीव हुरड्यात नव्हता. लिंबाजीला रक्ताचा कॅन्सर झाला होता. पुण्याच्या दवाखान्यातल्या औषधांनी तो सध्या दबला होता, पण दबलेला पुन्हा उठणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. मुळातून काढायचा तर हाडांतला मगज औषधानं रिकामा करायचा आणि तिथं सख्ख्या रक्ताच्या माणसाच्या पेशी सोडायच्या. सोमवारी पुण्यात हजर व्हायचं होतं. पाथरीला दिलेल्या लेकीचं, बबिताचं, निम्मंच जुळलं. पुरतं जुळलं ते फक्त व्यंकटरावाचं. निकाल येऊन आठ दिवस झाले, तरी हा बाबा हो म्हणायलाही तयार नव्हता आणि नाहीही म्हणत नव्हता. गोजरबाईनं आठ दिवसांच्या भाकरी दिराच्या नावानं बोटं मोडतच थापल्या होत्या.

मुळात व्यंकटरावानं तपासणीला रक्त दिलंच कसं, याचंच गावाला नवल होतं. पण त्याचं कारण सोपं होतं. जुळावं म्हणून नव्हे, जुळत नाही हे सिद्ध व्हावं म्हणून त्यानं दंड पुढं केला होता. "आमचं दोघांचं कायच जुळत न्हाई, हे आता मशीनच सांगंल," असं तो स्टँडवरच्या चहाच्या हॉटेलात भरल्या लोकांत म्हणाला होता, आणि वर मिशीवरून हात फिरवून, जुळलंच तर ही उतरवीन, अशी पैजही लावून बसला होता. इकडं लिंबाजीही तितकाच खात्रीत होता. आणि निकाल काय आला? दोघांचं तंतोतंत जुळलेलं. सख्ख्या भावांतसुद्धा असं चारात एखाद्याचंच जुळतं म्हणे. यांचंच नेमकं जुळावं, याला काय म्हणायचं?

निकाल सांगणारी शिवकन्या. व्यंकटरावाची लेक, पण वाढली निम्मी गोजरबाईच्याच चुलीपुढं. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती संशोधन करत होती. माणसाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी कॅन्सरला कशा ओळखतात आणि ओळखल्यावर कशा मारतात, यावर तिचं सगळं काम. झरीत त्याचं सुटसुटीत भाषांतर झालं होतं, की व्यंकटरावाची पोरगी पुण्यात डबीत पेशी पाळते. या पोरीनं येताच एक नियम घालून दिला होता. तिच्या वडलांना कुणी गळ घालायची नाही, हातापाया पडायचं नाही, रडून दाखवायचं नाही. पेशी देणाऱ्यानं आपल्या मनानं द्यायच्या. ती स्वतःही विचारणार नव्हती, कारण ती त्यांची लेक. सोमवारी दवाखान्यातले डॉक्टर त्यांना एकट्याला बसवून विचारतील. गोजरबाईला हे कायदे पटत नव्हते. जीव जायची वेळ आली तरी मागायचं नाही, हा कुठला न्याय? पण पोरगी काकासाठी जागून जागून निम्मी झालेली दिसत होती, म्हणून ती गप्प बसली. गप्प बसणं तिला गुडघ्यांपेक्षा जड जात होतं.

ऊन वर आलं तशी चारठाण्याहून आलेली जीप बांधाशी थांबली आणि गीताबाई उतरली. ही या दोघांची बहीण, आणि तिला स्वतंत्र दुःख होतं. तिचं रक्त दोघांपैकी कुणाशीच जुळलं नव्हतं. हा तिला उघड उघड अपमान वाटत होता. लहानपणी दोघांची शेंबडी नाकं पुसली, दोघांना धपाटे करून घातले, आणि शेवटी परकी ती आपणच? शिवकन्येनं तिला समजावलं की निम्मं आईकडून येतं, निम्मं बापाकडून, कुणाला काय मिळेल ते पत्ते पिसल्यासारखं असतं. गीताबाईनं ते ऐकून घेतलं आणि आईनं वाटपात आपल्याला नेहमीच उरलंसुरलं दिलं, हे तिला पूर्वीपासून ठाऊक असल्याचं सांगितलं.

लिंबाजी आगटीपासून दूर, वाऱ्याच्या वरच्या अंगाला बाजेवर बसला होता. डोक्याला कानटोपी, तोंडाला मास्क. धूर चालत नाही, राखेतलं चालत नाही, चार जणांच्या हातांनी चोळलेलं तर अजिबात चालत नाही. त्याच्यासाठी वेगळ्या डब्यात मुगाची खिचडी होती. हुरड्याला येऊन खिचडी खाणारा मराठवाड्यातला मी पहिलाच, असं त्यानं सकाळपासून तीनदा ऐकवलं होतं. औषधानं डोक्यावरचे केस गेले होते, भुवया विरळ झाल्या होत्या आणि ती जाडजूड मिशीही गेली होती. मास्क खाली ओढला की त्याचा उघडा ओठ बघून गोजरबाईला भडभडून यायचं, म्हणून ती त्याच्याकडं बघतच नव्हती.

"शिवे," लिंबाजी म्हणाला, "एकदा नीट सांग मला. काय करनार हायेत ते माझ्यात?"

शिवकन्या बाजेपासून जरा अंतर राखून खाली बसली. तिनं पुण्याची भाषा बाजूला ठेवली. मगज रिकामा करायचा, मग बाबांच्या पेशी सलाईनसारख्या रक्तात सोडायच्या. त्या आपल्या वाटेनं हाडांत जातात, तिथं घर करतात आणि नवं रक्त बनवायला लागतात. त्यासाठी बाबांना कापायचं-बिपायचं नाही. चार-पाच दिवस इंजेक्शनं, मग मशीनवर काही तास. "आणि मोठे काका, एकदा त्या रुजल्या की तुमचं रक्त त्यांचं. रक्तगटसुद्धा बदलून त्यांचाच होणार."

बोरीखाली कणसं चोळायचा आवाज थांबला. लिंबाखाली तर आधीच सगळं थांबलं होतं.

"मंजे माझ्या अंगात त्याचं राज," लिंबाजी म्हणाला.

गीताबाईला वेगळीच काळजी. रक्त बदललं की स्वभावही बदलणार का? व्यंकट तिरसट, लिंबाजी हट्टी. दोन्ही एकाच अंगात जमा झालं तर वयनीनं नांदायचं कसं? शिवकन्येनं स्वभाव डोक्यात असतो, रक्तात नाही, असं सांगितलं. त्यावर कुणाचाच विश्वास बसला नाही.

"ते ऱ्हाऊ दे," गोजरबाई म्हणाली. "कॅन्सर कोन मारनार, ते सांग."

"तेच तर माझं काम आहे, मोठी माय." पोरीच्या डोळ्यांत एकदम उजेड आला. "काकांच्या स्वतःच्या पेशींना कॅन्सर दिसतच न्हाई. तो घरातलाच होऊन नांदायलाय, म्हणून त्या गप. बाबांच्या पेशी बाहेरून येणार. त्या सगळ्या घराची झडती घेणार, आणि लपून बसलेल्या कॅन्सरला शोधून मारणार. पण त्या भांडकुदळ असतात. कधी कधी कॅन्सर सोडून चांगल्या अंगाशीच भांडत बसतात. कातडीशी, आतड्याशी, लिव्हरशी. लय भांडण झालं तर जिवावर बेततं. आणि अजिबातच झालं न्हाई, तर कॅन्सर परत येतो. थोडं भांडण पायजे. किती थोडं, आणि ते फक्त कॅन्सरशीच कसं ठेवायचं, हेच मी शोधायलेय."

यावर गीताबाईनं फैसला दिला, की मग देवानं माणसं बरोबर निवडली आहेत. हसू आवरून गोजरबाईनं बोरीकडं बघितलं. व्यंकटराव पाठमोरा बसला होता. भर दुपारच्या उन्हात त्यानं उपरणं नाकापासून हनुवटीपर्यंत गुंडाळलं होतं, दरोडेखोरासारखं. तिला आठवलं, आठ दिवस हा गावात असाच फिरतोय. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून, दुसरं काय. तिच्या डोक्यात सणक गेली. ती शेंगदाण्याच्या चटणीची वाटी घेऊन उठली. शिवकन्येनं "मोठी माय" म्हणून हाक मारली. चटणी द्यायलाही बंदी आहे का, असं विचारून गोजरबाई चालू लागली.

बोरीखाली राजेश्री, तिची धाकटी जाऊ, गोवऱ्या सारखत बसली होती. नवरे बोलत नसले तरी या दोघींचं परसातल्या भिंतीवरून लोणचं आणि खबरी दोन्ही व्यवस्थित चालायचं. पण या आठवड्यात राजेश्रीकडूनही काहीच कळलं नव्हतं, आणि ते गोजरबाईला जास्त लागलं होतं.

"भावजी, सर्दी झाली का?"

"थंडी हाय लय," उपरण्यातून आवाज आला. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

"दाखवा की त्यांना," राजेश्री हळूच म्हणाली. "किती दिवस झाकनार?"

व्यंकटराव हलला नाही. तेव्हा राजेश्रीनंच हात लांब करून उपरण्याचं टोक ओढलं. गोजरबाईच्या हातातली वाटी कलंडली. डाव्या बाजूची मिशी जागेवर होती, पीळ दिलेली, तेल लावलेली. उजवीकडची कात्रीनं निम्मी होऊन ओठावर खुरट्या गवतासारखी उभी होती.

"अगं माय," गोजरबाई मटकन खाली बसली. "हे काय करून घेतलंत?"

मग व्यंकटरावानं खाली बघत, हातातल्या कणसाचा एक एक दाणा काढत सांगितलं. निकाल आला त्याच संध्याकाळी शब्द पाळायला तो आरशापुढं बसला होता. उजवीकडून सुरुवात केली. निम्मी झाली आणि हातच थांबला.

"वयनी, आपल्यात मानूस मिशी कवा काढतो? घरातलं थोरलं गेल्यावर. शब्द मोडला तर गाव हसंल, ते सोशीन मी. पर दादा जिता असताना मिशी उतरवली, आन् तिकडं दवाखान्यात त्याचं काय बरंवाईट झालं, तर? मीच त्याला वाट दाखवल्यागत व्हईल. आन् न्हाई उतरवली तर त्याला द्यायच्या पेशीवर खोटी शपथ. त्यानंबी त्याचंच वाईट. आठ दिस झाले, कात्री उचलायलोय आन् ठिवायलोय."

सात वर्षांत त्याच्या तोंडून 'दादा' हा शब्द तिनं ऐकला नव्हता. आपण काय बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. गोजरबाईला आठ दिवसांतल्या एकेका भाकरीची लाज वाटली. हसावं की याच्या गळ्यात पडून रडावं, तिला कळेना. नियम मोडायचा नाही हे तिनं फार वेळ पाळलं होतं.

"आन् पेशी? द्यायच्या हायेत का न्हाई?"

"द्यायच्या न्हाईत असं कोन म्हनलं?" तो खरंच चकित झाला. राजेश्रीनं सांगितलं की पुण्याची पिशवी निकालाच्या दुसऱ्या दिवशीच भरून ठेवली आहे, तिळाच्या लाडवांसकट.

"मग आडलंय कशात?"

"मिशीत," व्यंकटराव म्हणाला.

गोजरबाई उठली. बोरीपासून लिंबापर्यंतची वाट तिला आज लांब वाटली. तिकडं सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं. गीताबाईनं पदर तोंडात कोंबला होता, शिवकन्या मान खाली घालून मातीत रेघा ओढत होती. तरीही लिंबाजी आभाळाकडं बघत तिची वाट बघत थांबला होता, कारण शिरस्ता म्हणजे शिरस्ता. तिनं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. 'दादा' म्हणाला, हे तिनं दोनदा सांगितलं.

लिंबाजीनं मास्क खाली ओढला. उघड्या ओठावरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडं, जिथं मिशी असायची तिथून. गोजरबाईनं यावेळी नजर वळवली नाही. नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं तिनं यापूर्वी सासू गेली तेव्हा पाहिलं होतं, तेवढंच.

"सांग त्याला," तो म्हणाला, आणि आवाज फाटला म्हणून पुन्हा सुरुवात केली. "सांग त्याला, घरान्यात कुटलीबी गोष्ट आधी थोरल्याची. मान थोरल्याचा, तसं ह्येबी थोरल्याचंच. पैजंची मिशी आधी माझी जायला पायजे. ती गेली, दिवाळीच्या आधीच. पैज फिटली. त्यानं त्याची ठिवावी. आन् ती उजवी बाजू नीट करावी म्हनावं. पुन्यात लोक हासतील."

गोजरबाई वळली. पण तिला पाऊल टाकायची गरज पडली नाही. व्यंकटराव उपरणं खांद्यावर टाकून, तसल्या निम्म्या मिशीनं, दोन्ही झाडांच्या बरोबर मधे येऊन उभा राहिला होता. त्यानं थोरल्या भावाकडं बघितलं. कानटोपीतलं ते भुवया गेलेलं तोंड त्यानं इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं असावं.

"येतो मी सोमवारी," तो थेट लिंबाजीला म्हणाला. "तारीख हुकवू नको."

"न्हाई हुकवत," लिंबाजी म्हणाला.

गीताबाई डोळे पुसायला लागली. आता दोघं भाऊ गळ्यात पडतात की काय, म्हणून राजेश्रीही उठून उभी राहिली. शिवकन्या घाईनं पुढं झाली, कारण गळ्यात पडायलाही दवाखान्याची बंदी होती. पण व्यंकटरावाच्या कपाळावर आठी पडलेली गोजरबाईला दिसली. ती आठी तिच्या चांगल्या ओळखीची होती. त्याच्या डोक्यात काहीतरी उशिरा उगवलं होतं.

"एक मिनिट," व्यंकटराव म्हणाला. "मिशी थोरल्याची आधी, मान थोरल्याचा आधी. मंजे मी मिशी ठिवली तर बैलाचा मानबी कबूल केल्यागत व्हतंय."

"व्हतंयच," लिंबाजी म्हणाला.

"मिशीपुरता तू थोरला. बैलाचा त्याच्यात संबंध न्हाई."

"न्हाई कसा? एकदा कबूल केलं ते केलं."

"आन् रक्त माझं झाल्यावर? समदं माझंच फिरनार तुझ्यात. पोळ्याला तू वेशीतून आधी गेलास, तर गेलं कोन? मीच."

"वेशीतून अंग जातंय येंकट्या, रक्त जात न्हाई. अंग माझं हाय."

"त्या अंगात मगज कुनाचा?"

लिंबाजी बाजेवर ताठ बसला. कितीतरी महिन्यांत त्याच्या गालांवर असा रंग चढला नव्हता. त्यानं तोरणाचा विषय काढला, व्यंकटरावानं माहेरच्या उसन्या बैलांचा काढला. सात वर्षं साठलेलं सगळं आता थेट, कुणाच्याही तोंडून न जाता, या झाडाखालून त्या झाडाकडं जाऊ लागलं. "आधी मास्क लावा," म्हणत शिवकन्या दोघांच्या मधे पडायला निघाली, तेवढ्यात गोजरबाईनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं.

"बस. तूच म्हनलीस न, थोडं पायजे."

"मी ते पेशींचं म्हणाले होते, मोठी माय."

"मास्क लावतेत ते. बस."

लिंबाजीनं खरंच मास्क वर ओढला आणि मास्कातूनच भांडण पुढं चालू ठेवलं. राजेश्रीनं बोरीखालची भाजलेली कणसं सुपात घेऊन आणली आणि मधेच, उघड्यावर, चोळायला बसली. गोजरबाईही तिथंच टेकली. तिला रडू येत होतं, आणि धूर डोळ्यांत गेला असं तिनं कुणाला सांगितलं नाही. सोमवारनंतर काय होईल हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते पोरीलाही नक्की ठाऊक नव्हतं. पण या दोघांमधे आज तिचं काही काम उरलं नव्हतं. तिनं आपले गुडघे चोळले, पाय लांब केले आणि गरम हुरड्याची मूठ तोंडात टाकली.